अमावस्येचं औषध

आईचा हात पाठीवरून काखेत आला, काखेतून पुढे सरकला आणि थांबला.

नरक चतुर्दशीची पहाट होती. न्हाणीत बंबाचा धूर कोंडला होता आणि मी जुना परकर छातीवर बांधून पाटावर कुडकुडत बसले होते. तेल लावताना आई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पाठ आहे का परातीचा तळ, केसांत किती हा कोंडा, सासरी गेल्यावर कोण चोळणार आहे अशी, असं काही ना काही चालूच असायचं. आता नुसताच हात. डाव्या बाजूला, काखेच्या जरा पुढे, तिची दोन बोटं एका जागी टेकली होती. ती बाजूला झाली आणि पुन्हा तिथंच आली.

"काय गं, तेल संपलं का?" मी म्हटलं.

"हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

काय ते मला माहीत होतं. श्रावणापासून माहीत होतं. पण आईच्या आवाजात असं काही होतं की वेड पांघरणं बरं वाटलं.

आमची कासाराची जात. वडील मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून तालुक्याच्या पेठेतलं बांगड्यांचं दुकान आईनंच चालवलं. आपले हात मोकळे आणि दिवसभर दुसऱ्यांच्या हातात चुडे भरायचे. बाईचा हात हातात घेतला की कुठलं हाड कुठे दबेल ते तिला न बघता कळायचं. अशा हाताला छातीतली चिंचोक्याएवढी गाठ न सापडती तरच नवल.

तिनं हात काढला. उटणं लावलं, पाणी ओतलं, अंगणात येऊन पायापुढे कारीट ठेवलं. दरवर्षी ते कडू फळ डाव्या अंगठ्यानं फटकन फोडायला मला मजा वाटायची. त्या दिवशी ते गुळगुळीत, टणक फळ अंगठ्याखाली जरासं निसटलं आणि मी पाय मागे घेतला. छातीतलं तेही असंच निसटायचं. बोट लावलं की बाजूला सरकायचं, चिमटीत धरू म्हटलं तर सापडायचं नाही.

"फोड," आई म्हणाली.

मी फोडलं. आई शेणाच्या सड्यावर पसरलेल्या बियांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या उंबरगावला जायचं आहे. कुणाला बोलू नकोस."

"उद्या? अगं, उद्या लक्ष्मीपूजन. दुकान?"

"दुकान बंद."

हे ऐकून मात्र मी घाबरले. दिवाळीत दुकान बंद ठेवणं आमच्याकडे वडील गेले त्या वर्षीसुद्धा झालं नव्हतं.

उंबरगाव म्हणजे इंदूमावशीचं सासर. आईची ही एकुलती एक धाकटी बहीण, हसली की दोन्ही गालांना खळ्या पडायच्या एवढीच मला आठवते. मी तिसरीत असताना ती गेली. छातीत गाठ झाली होती. गावापलीकडच्या वस्तीवर गाठीचं औषध देणारे एक तात्या होते, त्यांचं औषध लावलं, पण गुण आला नाही. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आईला जाता आलं नाही. ती पोचली ती दहाव्याला. आमच्या घरात मावशीचा विषय निघाला की एकाच वाक्यावर संपायचा: "वर्षभर लपवलीन मेलीनं. वेळेत सांगितलं असतं तर तात्यांनी वाचवली असती."

त्या दिवशी दुकानात गर्दी उसळली होती आणि आई एका बाजूनं बायकांच्या हातात बांगड्या चढवत होती, दुसऱ्या बाजूनं माझ्याकडे बघून कारणं शोधत होती. गिऱ्हाईक वळलं की हळूच विचारायची.

"पालथी झोपतेस ना तू? किती वेळा सांगितलं."

"त्यानं नाही होत काही."

"आणि सायकल? वाड्या-वस्त्यांवर माल पोचवायला सायकल तुलाच हवी होती. हिसके बसतात छातीला." पुढच्या बाईच्या हातात दोन बिल्वर चढवून झाले की, "ती शहरातली बॉडी आणलीस, कचकचून बसणारी, तेव्हापासूनच असणार." मग दही. मग गार पाण्यानं आंघोळ. मग, आवाज अगदी खाली आणून, "कुणी हात बित लावला होता का गं? खरं सांग."

"आई!"

"विचारायला नको?"

एकोणीस वर्षांच्या आयुष्यात आपण एवढं काही केलं असेल असं मलाही वाटलं नव्हतं. हात लावणारा कुणी असता तर निदान तेवढं तरी पदरात पडलं असतं.

खरं तर मीही कारणं शोधत होतेच, पण माझ्या रीतीनं. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काही शिकले ते बांगड्या गुंडाळायला आणलेल्या रद्दीतून. भाद्रपदात रद्दीत एका मासिकाचं पान सापडलं होतं. 'स्त्रियांच्या स्तनातल्या गाठी' असा मथळा. त्यात लिहिलं होतं की गाठ हाताला लागली तर घाबरून जाऊ नये, वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावी, आणि अशा बहुतेक गाठी... तिथं पान संपलं होतं. पुढचं पान मी सगळा गठ्ठा उपसून शोधलं. मिळालं नाही. बहुतेक कुठल्यातरी बाईच्या डझनभर बांगड्यांबरोबर गेलं असणार.

रात्री जेवताना मी धीर केला. "आपण पेंढारकर बाईंना दाखवू या का? बायकांच्या डॉक्टर आहेत."

"डॉक्टर कापतात. कापलं की पसरतं."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात." तिनं माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. "हे बघ हेमा, उद्या अमावस्या आहे. दिवाळीच्या अमावस्येचं औषध सगळ्यांत जालीम, असं तात्या म्हणायचे. इंदूला ती अमावस्या गाठता आली नाही. तुझी आपण गाठतोय. देवानंच माझा हात नेला तिथं. कळलं?"

मला कळलं ते एवढंच, की आईनं एक बहीण उशिरामुळे घालवली होती आणि मुलगी उशिरामुळे घालवणार नव्हती. तिच्या मायेपुढे माझं अर्धं पान टिकणार नव्हतं.

*

सकाळच्या एसटीनं आम्ही उंबरगावला उतरलो आणि आधी बाळाक्काच्या घरी गेलो. बाळाक्का म्हणजे मावशीची थोरली जाऊ. तात्यांकडे बाईमाणसाला औषध घ्यायचं तर सोबत सवाष्ण लागायची. ती मागून धरायची, तोंडानं देवाचं नाव घ्यायची. आई विधवा, तिला ते चालायचं नाही, म्हणून बाळाक्काला घेऊन जायचं ठरलं होतं.

बाळाक्का अंगणात रांगोळी घालत होती. आम्हाला बघून हसली, आणि आईनं कानाशी लागून सांगितल्यावर तिच्या चिमटीतली रांगोळी एकाच जागी सांडत राहिली. कमळाच्या पाकळीवर छोटा ढीग झाला.

"हिला?" ती म्हणाली.

"हिला. पण लवकर सापडली. बारकी आहे अजून."

"आज नगं, गोदाताई. सणाचा दिवस. लक्ष्मी घरात येती, आणि तुमी पोरीला घिऊन भायेर?"

"आजचीच अमावस्या हवी. तुम्हाला माहीत नाही का?"

"अमावस्या दुपारनं लागती म्हणं औंदा. क्यालेंडर बघा की."

"बघितलंय."

"तात्यांची तब्येत बरी न्हाई म्हणत व्हते परवा."

"मग तर लवकर जायला हवं."

बाळाक्कानं चहा केला. चहात साखर घालायची राहिली होती. तिघींनी तसाच प्यायला. आई हात धुवायला मागच्या दारी गेली तशी बाळाक्का माझ्याशेजारी येऊन टेकली. तिच्या तोंडाला मिसरीचा वास येत होता.

"पोरी, तिथं गेल्यावर तात्या इच्यारतील, अडचण न्हाई ना म्हणून. तर हाय म्हण."

"पण नाहीये मला पाळी."

"हाय म्हण म्हंते न्हवं! पाळीतल्या बाईला औषध लावत न्हाईत."

"का पण?"

तेवढ्यात आई आली. बाळाक्का उठून पातेलं घासायला लागली. ते आधीच घासलेलं होतं.

तात्यांची वस्ती उंबरगावच्या पलीकडे, उसातल्या पायवाटेनं. ऊस पुरुषभर उंच होता, वारं पडलं होतं. सणाचा दिवस असून त्या वाटेला फटाक्याचाही आवाज येत नव्हता. आई पुढे, मी मधे, बाळाक्का मागे. मधूनच मला तिचा श्वास ऐकू यायचा, चढ नसताना चढ चढल्यासारखा.

अर्ध्या वाटेत समोरून दोघी आल्या. पुढची म्हातारी, मागची माझ्याहून थोडी मोठी असेल. तिनं लुगड्याच्या पदराखाली काहीतरी घट्ट बांधलं होतं आणि ती एका कुशीत वाकून चालत होती, जशी भरलेली घागर कमरेवर असावी. डोळे उघडे होते, पण आमच्याकडे बघत नव्हते.

"गुण आला का?" आईनं म्हातारीला विचारलं.

"दुसऱ्या खेपंला आलो व्हतो. लई आग व्हतीया म्हंती," म्हातारी उत्साहानं म्हणाली. "आग व्हतीया म्हंजे काम करतंय."

मागची तशीच वाकून पुढे गेली. त्या गेल्यावरही एक वास वाटेवर मागे राहिला. गोड होता, तरी नाक फिरवावंसं वाटणारा. मी मागे वळून बघितलं तर बाळाक्का पदर नाकाला लावून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं हो?" आई म्हणाली.

"उसाचं कुसळ गेलं," बाळाक्का म्हणाली.

*

तात्यांना बघून माझी अर्धी भीती गेली, हे कबूल केलं पाहिजे. कुणी जटावाला, लाल डोळ्यांचा बाबा असेल अशी माझी कल्पना. हे तर शाळेतल्या जुन्या गुरुजींसारखे. स्वच्छ धोतर, पांढरी बंडी, ओसरीच्या कोपऱ्यात मुंग्यांना साखर घालत बसले होते. दमडी घेत नाहीत, नारळसुद्धा घेत नाहीत, हे आईनं वाटेत चारदा सांगितलं होतं. फुकट देणाऱ्याविषयी शंका घ्यायला आपल्या लोकांना फार जड जातं.

"या माय, बसा," ते म्हणाले. बाळाक्काला त्यांनी ओळखलं. "कासाराची थोरली न्हवं? किती वर्सानं आलीस."

बाळाक्का खाली बघत होती.

आईनं सगळं सांगितलं. सायकल, बॉडी, दही. तात्या प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते.

"कारान कायबी असंना. गाठ म्हंजे झाड हाय, माय. वर बारकं दिसतं, खाली पाळंमुळं लांब. डाक्टर वरचं तोडतो. मी मुळासकट काढतो." त्यांनी फळीवरून एक काचेची बरणी उतरवली आणि धोतराच्या सोग्यानं हळुवार पुसली, देवाची मूर्ती पुसावी तशी. "भिऊ नगं पोरी. बघ. ह्या समद्या निघाल्याल्या."

बरणीत वाळलेल्या आमसुलांसारखं काहीतरी होतं. काळं, आकसलेलं, काही बोटभर, काही तळहाताएवढं. प्रत्येकाला निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधलेला. तात्या एकेक दाखवत होते. लाल दोरा पलीकडल्या गावच्या पाटलिणीचा, पिवळा एका मास्तरणीचा. लिहून ठेवायची गरज नव्हती. त्यांना सगळ्या पाठ होत्या, आणि ते इतक्या आपुलकीनं सांगत होते की जणू लेकी सासरी गेल्यात.

"आणि ही हिरव्या दोऱ्याची. लई मोठी निघाली. उंबरगावच्या कासाराच्या धाकट्या सुनंची."

आईचा हात बरणीकडे गेला आणि अधांतरी राहिला. "इंदू? माझी बहीण ती."

"आसं व्हय?" तात्या हळहळले. "गुनाची पोर. गाठ निघाली बघ पुरती, पर अंगात ईख आधीच भिनल्यालं. उशीर केला तिनं."

"उशीर केला," आई पुटपुटली. मग माझ्याकडे वळली. "बघ. मी म्हणत नव्हते?"

मी बरणीकडे बघत होते. हिरव्या दोऱ्याचा तुकडा माझ्या तळहातापेक्षा मोठा होता. मावशीची गाठ एवढी कशी असेल? माझी तर चिंचोक्याएवढी होती. आणि चिंचोका सरकतो. पाळंमुळं असलेलं झाड सरकतं का?

तात्यांनी दगडी खलात काहीतरी घोटायला घेतलं. बिब्ब्याचा वास मी ओळखला; बाकी काय होतं ते मला आजही माहीत नाही. वाटेवरचा तो गोडसर वास याच खलातून आला होता, एवढं मात्र कळलं. शेजारी रुईचं पान तयार होतं.

"अडचण न्हाई ना कसली?" तात्यांनी खलातून मान वर न करता विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

"आहे," मी म्हणाले.

खल थांबला. आईनं माझ्याकडे असं बघितलं की आयुष्यात मला कधी तिच्याकडून थोबाडीत बसली असेल तर ती त्या नजरेनं.

"खोटं बोलतेय. कालच न्हाऊ घातलं मी हिला. घाबरलीय तात्या, पोरच आहे. तुम्ही लावा. बाळाक्का, धरा हिला मागून."

बाळाक्का माझ्यामागे आली. तिचे हात माझ्या दंडांवर पडले. धरायला आले होते ते, पण धरेनात. नुसते पडून राहिले, थंड, ओल्या फडक्यासारखे. तात्या पानावर लेप घेऊन उठले. माझ्या ब्लाउजच्या पहिल्या हुकाला आईनं हात घातला.

"निघाली न्हवती," बाळाक्का म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की आईनं दुसराही हूक काढला.

"गोदाताई, निघाली न्हवती गाठ."

"कुणाची?"

"इंदूची." बाळाक्कानं मला मागे, स्वतःकडे ओढलं. आता मात्र तिनं घट्ट धरलं होतं. "शेवटची आंगूळ मी घातली तिला. सासूबाई जवळ येईना, वासानं. मी एकटी व्हते. पयल्या दिशी इंदूनं माझा हात धरून दावली व्हती मला, न्हाणीत. हसत व्हती. म्हणली, जाऊबाई, बघा, उंदराचं पिल्लू हाय, धरू म्हटलं की पळतंय. चिंचोक्याएवढी व्हती. आणि शेवटच्या दिशी..." तिची बोटं माझ्या दंडात रुतली. "शेवटच्या दिशी भोवतालचं समदं गेल्यालं. थानच ऱ्हायलं न्हवतं, ताई. पानी घालताना माझं बोट लागलं तर ती तिथंच. तेवढीच. चिंचोक्याएवढी. सरकली की वो बोटाखाली, पयल्यावानीच."

मुंग्या तेवढ्या साखरेकडे चालल्या होत्या.

"तुम्ही सांगितलं नाही," आई म्हणाली.

"कुणाला सांगू? मालक तात्यांच्या पाया पडत व्हते. सासूबाई म्हणल्या, गेली ती गेली, घराची चर्चा नगं. आणि तुमी आला तवा म्हणला, उशीर झाला. म्हटलं, तेवढ्यावर तुमचं मन निवत आसंल तर निवू दे."

तात्यांनी लेपाचं पान खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "बाईमान्साला काय कळतंय त्यातलं. एखांदी मुळी ऱ्हायली आसंल."

आईनं माझे हूक लावले. वरचा, मग खालचा. पदर सारखा केला. मग ती फळीजवळ जाऊन उभी राहिली.

"गाठ आत राहिली, तर मग बरणीत काय आहे?"

तात्यांनी खल बाजूला सारला.

"काय आहे तात्या, बरणीत?"

"झालं गेलं, माय..."

"ती द्या."

"निघालेली गाठ घरात न्हेत न्हाईत. पुन्यांदा घर धरती."

"गाठ नाही मागत मी," आई म्हणाली. "बहीण मागतेय. माझी बहीण द्या."

आईचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं इतका साधा होता. तात्यांनी बरणीचं झाकण काढलं. त्यांचा हात आत गेला, पण हिरव्या दोऱ्यापर्यंत पोचेना. तेव्हा आईनं आपला हात घातला. बांगडी चढवताना बोटं मिटून हात निमुळता करायचा असतो, बायकांना ती रोज सांगायची. तसाच तिनं आपला हात निमुळता केला आणि कुठंही धक्का न लावता तो तुकडा वर काढला.

*

परतताना एसटी कृष्णेच्या पुलाअलीकडे थांबली तिथं आई उतरली, तिच्यामागे मी. आमचं गाव अजून पुढे होतं. पलीकडच्या काठावर घराघरांतून पणत्या लागत होत्या, लक्ष्मी यायची वेळ झाली होती.

आईच्या पिशवीत बांगड्यांचा पुठ्ठ्याचा डबा असायचाच. वाटेत बाळाक्काच्या दारात थांबून तिनं त्यात तो तुकडा कापसावर ठेवला होता, आणि बाळाक्कानं वर हळदकुंकू वाहिलं होतं. आता घाटाच्या पायरीवर बसून आईनं झाकण उघडलं, पिशवीतून एक हिरवी बांगडी काढली आणि त्या तुकड्यावरून सरकवली.

"सवाष्ण गेली," ती म्हणाली. "दहाव्याला आले तेव्हा चुडासुद्धा भरता आला नव्हता मला."

डबा पाण्यात जरा वेळ तरंगला. मग पुठ्ठा भिजला आणि तो कलला. आई तिथंच बसून राहिली. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "मी तुला धरून बसवणार होते गं. आणखी दोन हूक राहिले होते."

मी तिचा हात धरला. तो मोकळा, बिनबांगडीचा हात माझ्या हातात अगदी लहान लागला. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या संध्याकाळी माझ्या हातातली एक पायरीवर आपटून वाढली, आणि दोघींपैकी कुणीही तुकडे उचलले नाहीत.

भाऊबीज उलटल्यावर आम्ही पेंढारकर बाईंकडे गेलो. बाईंनी तपासलं, पाळी कधी सुरू झाली, गाठ पाळीच्या आधी मोठी लागते का, घरात कुणाला होती का, असं बरंच विचारलं. आईनं न विचारता सायकल आणि दही कबूल केलं.

"सायकलनं नाही होत हो," बाई हसल्या. "दह्यानंही नाही."

"मग कशानं?"

"वयानं. पंधरा-सोळापासून पंचविशी-तिशीपर्यंत पाळीबरोबर अंगात बदल चालू असतात, त्यात होते एखादीला. तिनं काही केलेलं नाही, तुम्हीही नाही. सुई घालून तपासू, खात्री करून घेऊ. पण अशा बहुतेक गाठी साध्याच असतात."

अर्ध्या पानाचं उरलेलं वाक्य असं दोन महिन्यांनी माझ्या हाती आलं.

"आणि माझ्या बहिणीची?" आईनं विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती मी बघितली नाही. आता कसं सांगू?"

आईनं मान हलवली. तिला तेवढं पुरलं असावं. निदान मला कधी सांगितलं नाही की पुरलं नाही.

तपासणी चांगली आली. बाई म्हणाल्या, वाढली किंवा दुखली तर काढू, मधूनमधून दाखवून जा, नाहीतर असू दे. पाळी जाईल तेव्हा तीही बहुधा विरेल.

पुढच्या दिवाळीला माझं लग्न अजून व्हायचं होतं, त्यामुळे पहिली आंघोळ घरीच झाली. आईचा हात पाठीवरून काखेत आला, काखेतून पुढे आला आणि थांबला.

"आहे का गं?"

"आहे."

"असू दे," ती म्हणाली, आणि माझी पाठ म्हणजे परातीचा तळ आहे असं सांगायला लागली.

त्यानंतर ज्या ज्या दिवाळीला मी माहेरी गेले, त्या प्रत्येक पहाटे हे असंच झालं. माझी मुलं झाली, आईचे हात सुरकुतले, तरी ती मला पाटावर बसवायची. आहे का गं. आहे. असू दे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्या वर्षी दिवाळीच्या पहाटे मी न्हाणीत एकटीच तेल लावत बसले होते. बोटं आपोआप तिथं गेली. काही लागलं नाही. जरा वर, जरा खाली चाचपलं. माझी पाळी आदल्या वर्षी गेली होती आणि बाई म्हणाल्या होत्या तशी तीही कधीतरी न सांगता निघून गेली होती.

विचारणारं कुणी नव्हतं. तरी बंबाच्या धुरात मी हळूच म्हटलं, "आहे."